शेवटच्या ओळीपासून

ग्लेनिस गेल्याची बातमी आली तेव्हा मर्वच्या गुडघ्यांमध्ये अर्धी कातरलेली मेंढी होती.

मार्चमधली दुपार होती. जेवणानंतरची पाळी सुरू होऊन तास झाला असेल. शेडमध्ये सहा जण ओळीने वाकून मेंढ्यांची लोकर कातरत होते. मर्व त्यांच्यात सगळ्यात म्हातारा, चौसष्ट वर्षांचा. पाळी संपल्याच्या घंटेला अजून वेळ होता, तरी मशीन एकदम बंद पडलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या. ऐन पाळीत मशीन कधी बंद होत नाही. ठेकेदार डार्सी बटणापाशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती. वीस वर्षांत त्याला टोपीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर त्याचं कपाळ पांढरंफटक दिसत होतं.

"मर्व," तो म्हणाला, "तुझ्या कॅरोलिनचा फोन होता. ग्लेनिस दुकानात चक्कर येऊन पडली. गेली रे ती. ॲम्ब्युलन्स यायच्या आतच गेली."

मर्वने खाली पाहिलं. मेंढी उताणी, त्याच्या पायांना टेकून गप्प पडली होती. एक बाजू साफ झाली होती, दुसरी राहिली होती.

"मशीन चालू कर," तो म्हणाला.

"अरे, मी काय सांगतोय तुला..."

"ऐकलं मी. चालू कर."

डार्सीने चालू केलं. बाकीचे पाच जण आपापल्या मेंढ्या धरून नुसते बघत राहिले. मर्वने खांद्यापासून मागच्या पायापर्यंत राहिलेली बाजू कातरली. कुठे कातडी कापली गेली नाही. मेंढी उठवून त्याने खालच्या वाड्यात सोडली, हातातलं यंत्र खुंटीला अडकवलं, शर्ट घातला आणि डार्सीच्या गाडीत जाऊन बसला. सगळं मिळून दीड मिनिट लागलं असेल.

याबद्दल नंतर कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण त्या दिवसानंतर मर्व शेडमध्ये गेला नाही. बायको गेल्याचं कळल्यावर आपण मेंढी पुरी केली, हे त्याला रोज सकाळी दाढी करताना आठवायचं.

अंत्यविधीला सगळं गाव आलं, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ग्लेनिसने कधी ना कधी पियानो शिकवलेला होता. चौतीस वर्षं पुढच्या खोलीत तिच्या शिकवण्या चालायच्या. दुपारी साडेतीनला पहिलं पोर दप्तर घेऊन यायचं आणि सहाला शेवटचं जायचं. मर्वला त्यातलं काही कळत नसे. घरी असला की तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसायचा आणि तीच चाल तीस-तीस वेळा ऐकायचा. आता खोलीला गालिच्याचा आणि बंद खिडक्यांचा वास यायला लागला होता. अंत्यविधीच्या दिवसांत लोकांनी ज्यांतून जेवण आणून दिलं ते रिकामे डबे पियानोवर रचले होते. ते कुणाचे कुणाला परत करायचे हे ग्लेनिसला माहीत असतं. मर्वला माहीत नव्हतं.

शिकणाऱ्यांपैकी एकच जण अजून घरी येत होती, ती म्हणजे मर्वची नात टेगन, कॅरोलिनची मुलगी, नऊ वर्षांची. कॅरोलिन वृद्धाश्रमात कामाला होती आणि तिचा नवरा ट्रक घेऊन आठवडे आठवडे बाहेर. त्यामुळे शाळा सुटली की टेगन आजोबांकडे यायची आणि सहा वाजता आई न्यायला आली की जायची. पाचव्या वर्षापासून ती आजीकडे शिकत होती. ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात मुलांची स्पर्धा असते, तिच्यासाठी ग्लेनिसने तिचं नावही दिलं होतं. चाल होती दोन पानांची, तळ्यातल्या होडीची. अंत्यविधीनंतर टेगनने पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात मर्वसमोर बसून गृहपाठ करायची, टोस्ट खायची, मागच्या अंगणात कुत्र्याशी खेळायची. पुढच्या खोलीत जायचीच नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी कॅरोलिन दारातच म्हणाली, "बाबा, शाळेतून विचारत होते. त्यांच्याकडचा पियानो मोडलाय. आपला देऊन टाकायचा का?"

"आपला कशाला?"

"कोण वाजवतंय तो? तुम्ही?"

"टेगन वाजवेल की."

"दोन महिने झाले, बाबा. मी तिला जबरदस्ती करणार नाही. आईनेही केली नसती. आणि तुम्हीही करू नका." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "सत्र संपेपर्यंत बघू. तोवर तिला स्वतःहून वाटलं तर राहू दे. नाही वाटलं तर जूनअखेर शाळेचे लोक येऊन घेऊन जातील. धूळ खात पडण्यापेक्षा बरं."

मर्व हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री झोपताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. पियानो गेला तर गेला, लाकूडच आहे ते. पण पोरीने हे असं सोडलं, एखादं दुखणं असल्यासारखं झाकून ठेवलं, तर ती मोठी झाल्यावर तिला आजी आठवेल ती या झाकणासकट. ते त्याला नको होतं. त्यासाठी काय करायचं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला एकच काम येत होतं, मग त्याने तेच केलं.

सोमवारी टेगन शाळेतून आली तेव्हा पियानोवरचे डबे हलवलेले होते आणि बाजूच्या भिंतीला एक काळा फळा लावलेला होता. फळ्यावर खडूने चार रकाने आखले होते.

"हे काय आहे?" टेगनने विचारलं.

"चार पाळ्या. शेडमध्ये असतात तशा. तिथे दोन-दोन तासांच्या असतात, तुझी दहा मिनिटांची एक. मधे स्मोकोची सुट्टी. चहा, बिस्किट. प्रत्येक पाळीत किती वेळा वाजवलं तो आकडा इथे लिहायचा. बघू आठवड्यात किती होतात."

टेगन फळ्याकडे बघत राहिली.

"आपण खेळ करून तर बघू," मर्व म्हणाला. "आवडलं नाही तर सांग."

"आईने सांगितलंय का?"

"आईने काही सांगितलेलं नाही. उलट आई ओरडेल मला."

यावर ती थोडीशी हसली आणि बसली. झाकण उघडताना तिने दोन्ही हात वापरले. मर्व स्वयंपाकघरात गेला, ओव्हनवरचं घड्याळ लावलं आणि पेपर उघडला. दोन महिन्यांनी घरात सूर ऐकू आले. त्याला पेपरमधलं एक अक्षर दिसेना. तो उठून भांडी धुवायला लागला, धुतलेलीच.

पहिल्या दिवशी फळ्यावर नऊ लागले. मंगळवारी चौदा. बुधवारी एकवीस. मर्व खूश झाला. पोर स्मोकोलाही उठेना. तो बिस्किट घेऊन जायचा तर ती म्हणायची, "ठेव तिथे, आजोबा." शेडमधली जात आहे, त्याला वाटलं. रक्तातच आहे.

शनिवारी डार्सी सरपणाचा ट्रेलर घेऊन आला. इकडे दक्षिणेला जून म्हणजे हिवाळा, थंडी पडायला लागली होती. लाकडं रचून झाल्यावर तो चहाला आत आला आणि पुढच्या खोलीच्या दारातच थबकला.

"अरे देवा. पियानोच्या खोलीत शेडसारखा आकडा?"

"का, काय झालं?"

"काही नाही. उद्या पोरीला ठेकाच देऊन टाकशील तू. ग्लेनिसने बघितलं असतं तर फळा तुझ्या डोक्यात घातला असता." त्याने जवळ जाऊन वाचलं. "सदतीस? एका दिवसात?"

"काल झाले."

"चांगले सदतीस, की नुसते सदतीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला माहीत आहे म्हणजे काय. विशीत तूही एका दिवसात दोनशे मेंढ्यांच्या वर गेला होतास एकदा. मालकाने वाड्यात येऊन बघितलं तर मेंढ्या कुणी दातांनी कुरतडल्यासारख्या दिसत होत्या."

"तेव्हा मी पोरगेला होतो."

"आणि ही नऊ वर्षांची आहे," डार्सी म्हणाला आणि त्याने बिस्किटांचा डबा स्वतःकडे ओढला. "ही तू केलीस? विटा आहेत नुसत्या."

मर्वला राग आला, पण गोष्ट डोक्यात राहिली. सोमवारी टेगन वाजवायला बसली तेव्हा तो पेपर न उघडता ऐकत बसला. खरं तर चौतीस वर्षं त्याने याहून वेगळं काही केलं नव्हतं. शिकणारं पोर कुठे अडखळतं, कुठे घाई करतं, कुठे वेळ मारून नेतं, हे त्याला कळत होतं. फक्त आपल्याला कळतं हे त्याला माहीत नव्हतं.

चाल सुरू व्हायची, चार ओळी जायची, पाचव्या ओळीत एक सूर चुकायचा आणि थांबायची. मग एक बारीक आवाज यायचा, फट् असा. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाचवी ओळ, पुन्हा फट्. चाल शेवटपर्यंत एकदाही जात नव्हती.

तो उठून दारात गेला. टेगनच्या मांडीवर तिची शाळेची पट्टी होती. सूर चुकला की ती डाव्या हातात पट्टी घेऊन उजव्या हाताच्या बोटांवर मारत होती. जोरात नाही, पण नेमाने. बोटांच्या पेरांवर लाल रेघा उठल्या होत्या. फळ्यावर तिने लिहिलं होतं ते सदतीस वेळा वाजवल्याचं नव्हतं. सदतीस वेळा चुकल्याचं होतं.

हे मी केलं, मर्वला वाटलं. भिंतीवर फळा मी लावला.

पण तो ओरडला नाही. त्याने ओव्हनजवळची जुनी घंटी आणून वाजवली.

"स्मोको," तो म्हणाला.

"अजून सहा मिनिटं आहेत."

"घंटा झाली की झाली. शेडमध्ये घंटेनंतर कुणी नवी मेंढी धरत नाही. चल."

दोघं मागच्या पायरीवर जाऊन बसली. थंडी होती, पण ऊन होतं. मर्वने स्वतःला चहा आणि तिला मिलो घातलेलं गरम दूध आणलं, आणि जॅम लावलेले चार टोस्ट. कुत्रा येऊन टोस्टांच्या समोर बसला.

"पट्टी कुणी शिकवली?" मर्वने विचारलं. "आजीने तर नाही."

"नाही."

"मग?"

टेगन कुत्र्याच्या कानाशी खेळत राहिली. मर्वने वाट बघितली. त्याला वाट बघता येत होती. बिचकलेल्या जनावराच्या जवळ जायचं असेल तर आधी नुसतं उभं राहावं लागतं.

"मी दहाही काड्या सरकवल्या होत्या," ती म्हणाली.

मर्वला काड्या माहीत होत्या. गावातल्या सगळ्यांना माहीत होत्या. ग्लेनिस पियानोवर उजवीकडे बशीत आगपेटीच्या दहा काड्या ठेवायची. एकदा नीट वाजवलं की एक काडी डावीकडे. दहाही डावीकडे गेल्या की सुटका.

"कधी?"

"त्या दिवशी. शाळेला सुट्टी होती ना. आजी म्हणाली, मी पीठ घेऊन येते, तोवर दहा वेळा कर. आणि ती गेली. मी दोनदा केलं. मग मी सगळ्या काड्या सरकवल्या आणि बाहेर कुत्र्याशी खेळायला गेले." ती भराभर बोलत होती. "मी बाहेर खेळत होते आणि ती तिकडे पडली. आणि काड्या डावीकडेच होत्या. नंतर आई आली तर तिने काड्या बघितल्या आणि रडायला लागली. म्हणाली, बघा, किती शहाणी पोर, आजी नसताना सगळं केलं. सगळ्यांना सांगितलं तिने. चर्चमध्येसुद्धा."

मर्वला चर्चमधलं आठवलं. तोही तेव्हा रडला होता.

"आणि मी काही बोलले नाही," टेगन म्हणाली.

"म्हणून पट्टी."

"म्हणून आता खरं मोजते. चुकलं तर चुकलं."

मर्वने चहा खाली ठेवला. मग जे आठवलं ते बोलला.

"तुला काय वाटतं, चौतीस वर्षांत काड्या सरकवणारी तू पहिली? तुझ्या आईने सरकवल्यात. तो बेकरीवाला मोठा माणूस आहे ना, मिशीवाला, त्याने तर दोन काड्या खाल्ल्या होत्या, शिल्लक कमी दिसाव्यात म्हणून. आजी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि मला बोटांनी दाखवायची. दोन झाले, आता आठ सरकवील बघ. आणि पोर बाहेर आलं की म्हणायची, वा, दहा? छान! आणि दुसऱ्या दिवशी बशीत तीनच काड्या ठेवायची."

"का?"

"म्हणायची, पोराने चोरी केली म्हणजे दहा जास्त होत्या. चूक काड्यांची."

टेगनने मान वर केली. डोळे भरले होते, पण ती हिशेबात पक्की होती. "पण त्या दिवशी ती घरात नव्हती. तिला कळलंच नाही."

"नाही कळलं," मर्व म्हणाला. यावर खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "ते खरंय."

कुत्र्याने एक टोस्ट पळवला.

"मीही त्या दिवशी एक गोष्ट केली," मर्व म्हणाला. "कुणाला सांगितली नाही. तुझ्या आईलाही माहीत नाही."

"काय?"

त्याने सांगितलं. डार्सीची टोपी, बंद पडलेलं मशीन, राहिलेली बाजू. एवढ्या दिवसांत हे तो पहिल्यांदा तोंडाने बोलत होता, आणि तेही नऊ वर्षांच्या पोरीसमोर.

टेगनने नीट ऐकलं. "किती वेळ लागला?"

"दीड मिनिट."

"आजी तेव्हा..."

"आजी आधीच गेली होती."

"मग दीड मिनिटाने काय झालं असतं?"

"काही नाही. पण बायको गेल्याचं ऐकून माणूस उठतो. मी मेंढी कातरली."

टेगनने विचार केला. "तशीच सोडली असती तर?"

"मेंढी? अर्धी उघडी फिरली असती. मग दुसऱ्या कुणीतरी धरून कातरली असती."

"म्हणजे तिला दोनदा धरलं असतं."

"हो."

"मग बरं केलंस तू," टेगन म्हणाली. शाळेतल्या बाईंसारखं, अगदी निकाल दिल्यासारखं. "आणि तुझे हात काम करत होते म्हणून झालं. तुला काही वाईट करायचं नव्हतं."

तीन महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावं तसं मर्वला झालं. त्याने बाहीने नाक पुसलं.

"तूही कुत्र्याशी खेळत होतीस," तो म्हणाला. "तुलाही काही वाईट करायचं नव्हतं."

ती मोठ्याने रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. मर्वने तिला जवळ घेतलं. रडून झाल्यावर तिला उचकी लागली, आणि उचकीचं तिला हसू आलं. मग दोघं आत गेली. मर्वने ओल्या फडक्याने फळा पुसला आणि खिळ्यावरून काढून बाहेर सरपणावर ठेवला.

"आता काय?" टेगनने विचारलं. "आता पाळ्या नाहीत?"

"पाळ्या राहू देत. स्मोको चांगला असतो. आकडा नको." तो पियानोच्या बाकावर तिच्या शेजारी बसला. या बाकावर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. "मला एक सांग. हे शेवटी कसं संपतं?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या पानाचा शेवट. मी अजून ऐकलाच नाही. तू पाचव्या ओळीच्या पुढे जात नाहीस."

"कारण आधी पाचवी ओळ यायला पाहिजे ना."

"कुणी सांगितलं? मी मेंढी कातरायला कसा शिकलो माहीत आहे? सोळा वर्षांचा होतो. एक म्हातारा होता, वॉली. तो पोट, मान, सगळं अवघड स्वतः करायचा आणि मला हाक मारायचा. म्हणायचा, शेवटची बाजू तुझी. ती सोपी, सरळ. मी ती कातरायचो आणि मेंढी पूर्ण होऊन वाड्यात उतरायची. दिवसभर मी एकही मेंढी अर्धी सोडली नाही, आणि एकही पहिल्यापासून धरली नाही. मग काही दिवसांनी खांदा दिला. मग मान. असं मागे मागे येत पोटापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. पण जे काही करत होतो, त्याच्या पुढचं मला येत होतं."

टेगनने दुसरं पान उघडलं. शेवटची ओळ. तिने बघितली, दोनदा चाचपडली आणि वाजवली. होडी काठाला लागते तिथली ओळ, हळू, सोपी. सगळ्यात शेवटी डावीकडचा एकच खालचा सूर होता.

"तो मी वाजवतो," मर्व म्हणाला.

"तू?"

"एक सूर मला येईल की."

तिने पियानोवरची ती पट्टी दाखवली. ओळ वाजवली आणि मान हलवली. मर्वने पट्टी दाबली. असा धडाका झाला की कुत्रा अंगणात भुंकला.

"आजोबा! अंगठ्याने नाही! आणि एवढ्या जोरात? होडी बुडली!"

"मला वाटलं काठाला आपटली."

"तिसऱ्या बोटाने. असं. हात सैल सोड. अरे सैल सोड ना, यंत्र धरल्यासारखा काय धरतोस?"

चार वेळा बुडाल्यावर पाचव्यांदा होडी काठाला लागली. मर्वने घड्याळ बघितलं आणि घंटी वाजवली.

"अजून एकदा," टेगन म्हणाली.

"नाही. घंटा झाली."

"एकदाच!"

"उद्या."

हे पहिल्यांदा तो सवयीने म्हणाला होता. पण तिचा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं की आपल्या हातून बरोबर काहीतरी झालं आहे. त्यानंतर त्याने रोज तेच केलं. ती रंगात आली की घंटी. ती चिडायची, "दुष्ट आहेस तू," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर दारात टाकून आधी पुढच्या खोलीत जायची. शेवटून दुसरी ओळ झाली. मग तिसरी. प्रत्येक वेळी ती नव्या ओळीतून जुन्या ओळीत यायची, ओळखीच्या रस्त्याला लागल्यासारखी, आणि शेवटी मर्व आपला सूर वाजवायचा. कधी तो चुलीत लाकूड घालायला गेलेला असायचा, तर ती थांबून हाक मारायची, "आजोबा, तुझा सूर!" आणि तो हात झटकत धावत यायचा.

काड्यांचं टेगनने आईला स्वतः सांगितलं. कॅरोलिन सहाला आली तेव्हा अजून कोटही काढला नव्हता. ती ऐकत राहिली, मग दाराच्या चौकटीला टेकली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

"मी एकदा चौदा सरकवल्या होत्या," ती म्हणाली. "दहाच होत्या, मी आगपेटीतून अजून चार काढल्या. आई म्हणाली, वा!"

टेगन गाडीत जाऊन बसल्यावर मर्वने कॅरोलिनला मेंढीचंही सांगितलं. तिने वडिलांच्या शर्टाची कॉलर नीट केली, जशी ग्लेनिस करायची, आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही घरी आलात तेव्हा तुमच्या हातांना लोकरीचं तेल लागलेलं होतं. मीच धुतले तुमचे हात. आठवतंय का?"

त्याला आठवत नव्हतं. पण ऐकून बरं वाटलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. गाडी कधी पाठवू? फोन कॅरोलिनने घेतला, स्वयंपाकघरातून. पुढच्या खोलीत टेगन वाजवत होती आणि मर्व तिच्या शेजारी तिसरं बोट तयार ठेवून बसला होता. कॅरोलिनने फोन तसाच दाराकडे धरला, थोडा वेळ. मग कानाला लावून म्हणाली, "ऐकलंत? नाही, नाही मिळणार. माफ करा." तिच्या आवाजात माफी अजिबात नव्हती.

मग स्पर्धेचं निघालं. टेगन म्हणाली, मला नाही जायचं, लोकांसमोर तो चर्चमधला विषय पुन्हा निघेल. मर्वला आधी वाईट वाटलं. ग्लेनिसने नाव दिलेलं होतं. मग त्याने स्वतःच स्पर्धेच्या बाईंना फोन केला आणि नाव काढून टाकायला सांगितलं. बाईंनी विचारलं, का बरं, तयारी झाली नाही का? तो म्हणाला, तयारी चालू आहे, घाई नाही. फोन ठेवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने दुपारीच दोघांसाठी मटणाचे चॉप भाजले.

डार्सी ऑगस्टमध्ये सरपण घेऊन आला तेव्हा खोलीच्या दारात उभा राहून त्याने दोन ओळी ऐकल्या. शेवटचा सूर मर्वने वाजवला. डार्सीने टोपी मागे सरकवली.

"बस एवढंच?" तो म्हणाला. "एका सुरासाठी एवढा बडेजाव?"

"तुला येतो का?" टेगनने विचारलं.

"मला कशाला..."

"मग गप्प बस," ती म्हणाली. मर्व एवढा हसला की त्याला बाकाला धरावं लागलं.

आता सप्टेंबर चालू आहे. दुसरं पान पूर्ण झालं आहे आणि पहिल्या पानावरची शेवटची ओळही बसली आहे. पाचवी ओळ, जिथे ती अडायची, या आठवड्यात धरली आहे, आणि तिथे रोज दोन पाळ्या जातात. लोकांचे रिकामे डबे अजून परत करायचे आहेत. पहिल्या पानावरच्या वरच्या चार ओळी तर तिला येतातच, त्या अजून जोडायच्या आहेत.